पुढच्या दारापुरतं

माणसाने नुसतं जिवंत असून भागत नाही. वर्षातून एकदा, नोव्हेंबर महिन्यात, ते बँकेत जाऊन सांगावंही लागतं. पेन्शनर मंडळींना हे सांगायला नको. ज्यांना अजून अवकाश आहे त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं, की हयातीचा दाखला नावाची एक चीज असते आणि ती हयातीतच मिळवावी लागते.

गेल्या नोव्हेंबरात मी सकाळी दाढीबिढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, म्हणजे जिवंतपणाबद्दल कुणाला शंका उरू नये अशा बेताने बँकेत गेलो. पुढे सतरा हयात माणसं होती. तासाभराने माझा नंबर आला. खिडकीतल्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काका, लिंक डाऊन आहे. उद्या या."

"अहो, पण मी तुमच्यासमोर उभा आहे."

"मला दिसताय हो तुम्ही. सिस्टिमला दिसत नाही ना!"

अस्तित्व या विषयावर इतकं थोडक्यात बोललेलं मी कुठल्याही व्याख्यानमालेत ऐकलेलं नाही. मी परत आलो.

आता ही 'लिंक' म्हणजे काय, ती 'डाऊन' होते म्हणजे नक्की कुठून कुठे जाते, हे विचारायला घरात हक्काचं माणूस होतं. माझी पुतणी. ती हिंजवडीला एका कंपनीत नेटवर्कमध्ये आहे. तिथे ती काय करते हे आमच्या घराण्यात कुणालाही सांगता येत नाही. रात्री दीडला फोन येतो, ती उठून बसते आणि "पिंग होतंय का? आता होतंय का?" असं विचारत राहते. आमच्या हिला पहिले काही दिवस वाटलं, मंगळागौरीची तयारी चालली आहे.

"तुमच्या ब्रँचची एमपीएलएसची लाइन गेली असणार," पुतणी पोहे खाता खाता म्हणाली.

एमपी म्हणजे मध्य प्रदेश एवढं मला कळलं. बाकीच्या दोन अक्षरांची सोय लावेपर्यंत तिने फोड करून सांगितली. मल्टिप्रोटोकॉल लेबल स्विचिंग. बँकांच्या शाखा मुख्य कचेरीशी जोडलेल्या असतात त्या बऱ्याचदा या पद्धतीने. 'लेबल' हा शब्द मी मुरांब्याच्या बरणीवरून ओळखत असल्यामुळे मला धीर आला.

"हे बघा काका," ती म्हणाली, "तुमची माहिती एकसंध जात नाही. तिचे तुकडे होतात. एकेक तुकडा म्हणजे एकेक पॅकेट. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता आणि घेणाऱ्याचा पत्ता. वाटेत नाक्यानाक्यावर राऊटर बसलेले असतात. साधी पद्धत अशी, की प्रत्येक राऊटर पत्ता पहिल्यापासून वाचतो, आपली वही उघडतो, शोधतो आणि पुढे ढकलतो. आदल्या नाक्यावरच्याने काय शोधलं होतं याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं."

हे मला समजावून सांगायची काही गरज नव्हती. मी तेहेतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली आहेत.

पण वही किती मोठी असावी? सगळ्या इंटरनेटचे रस्ते ज्या राऊटरला ठाऊक असायला लागतात, त्याच्या वहीत आज नऊ लाखांच्या वर ओळी असतात. बरं, एका पत्त्याला एकच ओळ जुळेल असंही नाही. एक ओळ म्हणते 'महाराष्ट्र असेल तर डावीकडे', दुसरी म्हणते 'पुणे जिल्हा असेल तर सरळ', तिसरी म्हणते 'नारायण पेठ असेल तर मागच्या दाराने'. तिन्ही खऱ्या. त्यातली जी सगळ्यात जास्त अक्षरं जुळवील तिचं ऐकायचं. आणि हे दर पॅकेटाला, दर नाक्यावर, पुन्हा नव्याने. पुण्यात पत्ता विचारत जाण्यासारखंच आहे हे. प्रत्येक कोपऱ्यावरचा गृहस्थ चिठ्ठी हातात घेतो, पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचतो, "कुणाकडे आलात?" विचारतो आणि मग आदल्या गृहस्थाने सांगितलं ते कसं अर्धवट होतं हे सांगून पुढे धाडतो.

लेबलवाल्यांनी यावर काढलेली युक्ती अशी. पत्ता वाचायचा तो एकदाच, वेशीवर. वेशीवरचा राऊटर पॅकेट नीट बघतो, ज्यांना एकाच वाटेने जायचं आहे त्या सगळ्यांची एक पंगत करतो आणि प्रत्येकावर एक लेबल चिकटवतो. लेबलावर फक्त एक आकडा. समजा, ५७. आतल्या राऊटरांनी मग पॅकेटच्या पत्त्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. त्यांच्या वहीत एवढंच असतं: ५७ आला, की तो फाडायचा, त्या जागी १०२ चिकटवायचा आणि तिसऱ्या दाराने बाहेर काढायचा. पुढच्याच्या वहीत: १०२ आला, की ३१ चिकटवायचा, पहिलं दार. पलीकडची वेस आली, की लेबल काढून टाकायचं. चिकटवणं, बदलणं, काढणं. तीन क्रिया. आमच्या कचेरीत आवक-जावक विभाग याहून जास्त काही करत नसे आणि त्याला सहा माणसं होती.

"म्हणजे डबेवाल्यांसारखंच की गं!" ही स्वयंपाकघरातून म्हणाली. ही माहेरची गिरगावची, त्यामुळे जगातल्या कुठल्याही चांगल्या कल्पनेचा उगम तिला मुंबईत दिसतो.

"नाही काकू. डब्याच्या झाकणावरची खूण घरापासून ऑफिसपर्यंत तीच राहते. उतरायचं स्टेशन, इमारत, मजला, सगळं तिच्यातच असतं. इथे आकडा दर नाक्यावर बदलतो. ५७ला त्या नाक्याबाहेर काही अर्थ नसतो. दुसऱ्या नाक्यावर दुसऱ्याच कशाला तरी ५७ म्हणत असतील."

मला एकदम लाँड्रीवाल्याची खूण आठवली. कॉलरच्या आत काळ्या शाईने 'म ४' असं काहीतरी असतं. त्या दुकानात त्याचा अर्थ मी. पलीकडच्या दुकानात 'म ४' म्हणजे कुणी तरी पैलवान असू शकतो. बँकेत पूर्वी पितळी बिल्ले द्यायचे, तेही तसेच. ४३ नंबरचा बिल्ला हातात घट्ट धरून माणूस तासभर ४३ असायचा. बाहेर पडला, की पुन्हा मनुष्य.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली ती मला फार आवडली. आकडा ठरवतो कोण? पाठवणारा नव्हे, घेणारा. पुढचा राऊटर मागच्याला आधीच कळवून ठेवतो, की बाबा रे, त्या गावाचा माल माझ्याकडे पाठवशील तेव्हा त्यावर १०२ लाव, म्हणजे मला कळेल. ज्याला ओळखायचं आहे त्यानेच नाव ठेवायचं. विचार केला तर यात शहाणपणा आहे. नवी सून काय नावाने ओळखली जाईल हे माहेरचे थोडंच ठरवतात?

सगळं लेबल म्हणजे बत्तीस बिट. इंग्रजीतली चार अक्षरं मावतील एवढी जागा. त्यातले वीस बिट आकड्याला, म्हणजे शून्यापासून १०,४८,५७५ पर्यंत कुठलाही आकडा. त्यातले पहिले सोळा राखीव. एसटीत आमदारांसाठी जागा राखून ठेवतात त्याप्रमाणे. पुढचे तीन बिट वर्ग सांगायला, म्हणजे कुणाला आधी सोडायचं आणि कुणाला थांबवलं तरी चालेल. फोनवरचं बोलणं तुटता कामा नये, ईमेल जरा उशिरा गेली तर काही बिघडत नाही. मग एक बिट, त्याची गोष्ट पुढे येईल. आणि शेवटचे आठ बिट आयुष्याला. होय, आयुष्यालाच. दर नाक्यावर त्यातून एक वजा होतो. जास्तीत जास्त २५५. शून्य झालं, की पॅकेट फेकून द्यायचं, म्हणजे वाट चुकलेलं पॅकेट जन्मभर गोल गोल फिरत बसत नाही. हयातीचा दाखला ज्याचा त्याच्याबरोबर असतो. दर नोव्हेंबरात बँकेत जावं लागत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर नाना राहतात. ते रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. रात्रभर धावत्या गाडीच्या डब्यात उभं राहून खणाखणांतून पत्रं टाकायची आणि पहाटे कुठल्यातरी स्टेशनात उतरायचं, असं त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. श्रीराम भिकाजी वेलणकरांचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, त्या दिवसाबद्दल ते आपल्या लग्नाच्या दिवसापेक्षा जास्त आपुलकीने बोलतात. (वेलणकर पोस्टातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांत देश बसवणारा माणूस वृत्तांत लिहिणारा असावा, हे योग्यच झालं.) त्यांना मी लेबलांचं सगळं सांगितलं. ते शांतपणे तपकीर ओढून म्हणाले, "अहो, मग यात नवीन काय? पिशवीत पत्रं हजार. पण गाडीतून पिशवी खाली टाकताना पत्रं कोण वाचतो? पिशवीच्या गळ्यात लेबल असतं ते वाचायचं. पुढच्या ठिकाणी पिशवी फुटते, पत्रं दुसऱ्या पिशवीत जातात, नवं लेबल. आम्ही हेच करत होतो. फक्त आम्हाला पगार कमी होता."

पुतणीने मान्य केलं, की नानांचं बरंचसं बरोबर आहे. एवढंच, की लेबलवाल्या नाक्यावर पिशवी फोडावीही लागत नाही.

या कल्पनेचं बारसंही गमतीचं झालं आहे. १९९६च्या सुमाराला ही एकच कल्पना चार कंपन्यांच्या घरी जवळपास एकदम जन्माला आली. इप्सिलॉन नावाच्या एका छोट्या कंपनीने गाजावाजा केला, तोशिबाकडे आपली एक तऱ्हा होती, सिस्कोने तिला 'टॅग स्विचिंग' म्हटलं, आयबीएमने 'एरिस'. प्रत्येक आत्याने पाळण्यात वेगळं नाव सांगितलं म्हणा ना. १९९७ साली इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या मंडळींनी एक समिती बसवली. समितीने त्यातलं कुणाचंच नाव घेतलं नाही, स्वतःचं एक लांबलचक नाव ठेवलं आणि जानेवारी २००१मध्ये नियम छापले. मुख्य नियमावलीवर तीन नावं आहेत: एरिक रोझेन, अरुण विश्वनाथन आणि रॉस कॅलन. मधलं नाव ऐकून मी खुर्चीत जरा ताठ बसलो. त्यांची माझी काही ओळख नाही, पण बसलो.

आणि इथे खरी मजा आहे. लेबलं काढली ती मुळात पत्ता वाचायला फार वेळ लागतो म्हणून. पण समितीचा कागद छापून होईपर्यंत राऊटरांच्या आतल्या चिपा इतक्या तरबेज होत गेल्या, की पत्ता वाचायलाही लेबल वाचण्याइतकाच वेळ लागू लागला. म्हणजे ज्या कामासाठी नेमणूक झाली ते कामच उरलं नाही. आमच्याकडे अशा वेळी पद रद्द होत नाही, त्याला एक शिपाई मिळतो. लेबलांना मात्र खरोखरच दुसरं काम मिळालं आणि ते पहिल्यापेक्षा मोठं निघालं.

ते काम म्हणजे साईकृपा. पुण्यात एका रस्त्यावर तीन साईकृपा सापडतात आणि तिन्हींत पहिल्या मजल्यावर कुलकर्णी असतात. कंपन्यांच्या आतल्या पत्त्यांचं तस्संच. दहापासून सुरू होणारे काही पत्ते कुणीही आपल्या घरात वापरावेत अशी मुभा आहे, त्यामुळे सगळे तेच वापरतात. या बँकेतही १०.१.१.५ आहे, त्या साखर कारखान्यातही १०.१.१.५ आहे, आणि दोघांचा माल एकाच टेलिफोन कंपनीच्या तारेवरून जातो. बँकेचं पॅकेट साखर कारखान्यात गेलं तर काय होईल? माझी पेन्शन उसाच्या बिलात जमा व्हायची! म्हणून एकावर एक दोन लेबलं लावतात. बाहेरचं लेबल माल पलीकडच्या वेशीपर्यंत नेतं. ते दर नाक्यावर बदलतं. आतलं लेबल वाटेत कुणी वाचत नाही, बदलत नाही. ते पलीकडे पोहोचल्यावर सांगतं, की हा बँकेचा हो, कारखान्याचा नव्हे. मघाचा तो एक बिट याच कामाचा. 'याच्याखाली आता लेबल नाही' एवढं तो सांगतो.

आणि शेवटच्या नाक्याची एक रीत आहे. बाहेरचं लेबल शेवटचा राऊटर काढत नाही. बहुतेक वेळा शेवटून दुसरा काढतो. शेवटच्याने त्याला तसं सांगून ठेवलेलं असतं. त्याच्यासाठी ३ हा राखीव आकडा आहे, त्याचा अर्थ 'मला लेबल नकोच, काढून पाठव'. म्हणजे घरच्या माणसाच्या हातात पॅकेट येतं ते वरचं कातडं उतरवूनच. त्याने एकदाच बघायचं आणि ओळखायचं.

"एवढं सगळं आहे तर माझी लिंक का गेली?" मी मुद्द्यावर आलो.

"कुणीतरी रस्ता खोदला असेल."

"पण तूच म्हणालीस, वाट तुटली तर आडवाट आधीच आखून ठेवलेली असते. डोळ्याचं पातं लवायच्या आत माल तिकडून वळतो."

"वळतो ना. आतल्या नाक्यांच्या मध्ये वळतो. पण तुमच्या ब्रँचपासून पहिल्या नाक्यापर्यंत वायरच एक असेल, तर लेबल कितीही चांगलं असलं तरी ते चिकटवायला पॅकेट तिथवर पोचायला हवं!"

चौथ्या दिवशी खड्डा बुजला आणि मी कायदेशीरपणे जिवंत झालो.

पण लेबल डोक्यातून जाईना. मी माझीच यादी करू लागलो. गावी मी 'अण्णांचा मधला'. शाळेत हजेरी नंबर एकोणीस. कचेरीत 'आस्थापना दोन'. सोसायटीत 'बी-नऊ, मेन्टेनन्स भरलेला'. डॉक्टरांकडे 'ते बीपीचे'. लेकीकडे न्यू जर्सीला गेलो, तर नातीच्या शाळेच्या फाटकावर तीन महिने मी नुसता 'ग्रँडपा' होतो. यातलं एकही खोटं नाही. प्रत्येक नाव त्या त्या दारातून आत सोडण्यापुरतं चाललं आणि पुढच्या दारात कुणी विचारलं नाही. शिवाय प्रत्येक नाव पुढच्याने ठेवलेलं. पुरुषाचं एवढं, तर बायकांचं काय सांगावं!

या फेब्रुवारीत आत्या पडली. माझी आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. माकडहाड दुखावलं, ताप आला, दवाखान्यात ठेवली. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून तिचं नाव बदललं होतं, तेच नाव आधार कार्डावर, तेच दवाखान्याच्या फॉर्मवर, आणि मनगटाला बांधलेल्या पट्टीवर तेच, खाली एक लांब आकडा. नर्सबाई तिला 'बेड अकरा' म्हणत. मामी, 'आजी' म्हणणारे वॉर्डबॉय, 'काकू' म्हणणाऱ्या शेजारणी असे सगळे येऊन जात होते.

तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर आला. म्हातारी माणसं तापात भ्रमिष्ट होतात, म्हणून काही ठरलेले प्रश्न विचारायचे असतात. मी आणि पुतणी शेजारी उभे होतो.

"आजी, आज वार कोणता?"

"मंगळवार," आत्या म्हणाली. मंगळवारच होता.

"तुमचं नाव काय?"

आत्याने डोळे मिटलेलेच ठेवून एक नाव सांगितलं. डॉक्टरने फॉर्मकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं आणि फुली मारली.

ते नाव मी गेल्या पंधरा वर्षांत ऐकलं नव्हतं. माझे वडील तिला त्या नावाने हाक मारायचे. भाऊबीजेला दारातूनच मारायचे, मोठ्याने. २००९ साली ते गेले, आणि मग त्या नावाने तिला बोलावणारं जगात कुणी राहिलं नाही. आम्ही सगळे 'आत्या' म्हणणारे. नाव मी इथे छापत नाही, कारण तिला विचारलेलं नाही आणि ती रागीट आहे.

"बरोबर आहे ते," मी म्हणालो.

"फॉर्मवर वेगळं आहे."

"फॉर्मवरचं सासरचं आहे. हे माहेरचं. ही भ्रमात नाही, हिने आतलं लेबल दाखवलंय."

डॉक्टरने माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्यासाठी दुसरा फॉर्म आणायच्या बेतात असावा. पुतणीने मध्ये पडून त्याला साध्या मराठीत सांगितलं. तो भला मुलगा होता. फुली खोडून बरोबरची खूण केली, पण कुरकुरला, की दुसरं नाव लिहायला फॉर्मवर जागा नाही आणि कॉम्प्युटरही घेणार नाही. तरी त्याने ते कडेला पेनने लिहिलं.

तो गेल्यावर पुतणी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "काका, आत्याआजीचं हे नाव होतं?"

"होतं काय?" आत्या म्हणाली. कान शाबूत होते. "आहे. आणि काय गं, एवढी शिकलीस, तर त्या पोराला सांग, चहात साखर घाल म्हणावं. तीन दिवस नुसतं गरम पाणी देतायत."